सबनेट आणि राउटिंग : विद्यापीठांच्या आवारात घडलेला एक इतिहास

प्रस्तावना

संगणकशास्त्राच्या अभ्यासक्रमात सबनेट हा विषय बहुधा अंकगणितातील उदाहरणासारखा शिकवला जातो. एक आयपी पत्ता व एक मास्क दिलेला असतो. त्यावरून किती सबनेट पडतील आणि प्रत्येकात किती यंत्रे बसतील, हे विद्यार्थ्याने काढावयाचे असते. उत्तर बरोबर आले की विषय संपतो. नेटवर्कची अशी विभागणी मुळात कोणाला, कोणत्या अडचणीपोटी करावीशी वाटली, तिला विरोध कोणत्या कारणांनी झाला आणि तिचा भार कोणावर पडला, हे प्रश्न सहसा विचारले जात नाहीत. विज्ञान-तंत्रज्ञानाच्या इतिहासाच्या दृष्टीने मात्र हेच प्रश्न महत्त्वाचे ठरतात.

प्रस्तुत लेखात प्रामुख्याने १९८१ ते १९९३ या कालखंडातील घडामोडींचा मागोवा घेतला आहे. सबनेटची कल्पना केवळ यंत्रांच्या तांत्रिक गरजेतून निघाली नाही. विद्यापीठांतील विभागांना आपापले नेटवर्क स्वतः चालवावयाचे होते आणि त्या स्वायत्ततेची किंमत संपूर्ण जगाने मोजावी की संस्थेने स्वतः मोजावी, असा वाद त्यामागे होता. या वादात जो निर्णय झाला, त्यावर पुढील राउटिंगची सारी व्यवस्था उभी राहिली.

पत्त्याचे दोन भाग

निरनिराळी नेटवर्क एकमेकांस जोडण्याची कल्पना विंटन सर्फ आणि रॉबर्ट कान यांनी १९७४ च्या आपल्या निबंधात मांडली. त्यात नेटवर्कचा क्रमांक दर्शविण्यासाठी ८ बिट राखून ठेवलेले होते, म्हणजे जास्तीत जास्त २५६ नेटवर्क. नजीकच्या भविष्यकाळाला एवढी संख्या पुरेल, असा लेखकद्वयाचा अंदाज होता. आज हा अंदाज हास्यास्पद वाटू शकेल. परंतु तो त्या काळाच्या चौकटीत पाहिला पाहिजे. १९६९ मध्ये सुरू झालेल्या आर्पानेटचा विस्तार देशव्यापी होता. ‘नेटवर्क’ म्हणजे काहीतरी अवाढव्य, शासनाच्या अथवा मोठ्या महामंडळाच्या खर्चाने उभारलेले, अशीच सर्वांची समजूत होती. अशी नेटवर्क जगात किती असणार? दोनशे छप्पन पुष्कळ झाली.

ही समजूत मोडणारे साधन तोपर्यंत निर्माण होऊ लागले होते. झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ पासून इथरनेट विकसित केले. एका इमारतीत एक केबल फिरवावी आणि तिला शंभरेक यंत्रे जोडावीत, इतके नेटवर्क आता सुटसुटीत झाले. नेटवर्क ही राष्ट्रीय वस्तू न राहता विभागीय वस्तू झाली. संस्थेतील प्रत्येक विभागाकडे एक, कधी दोन, अशी केबलींची संख्या वाढू लागली.

सप्टेंबर १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आरएफसी ७९१ या दस्तऐवजाने आयपीची प्रमाण रूपरेषा निश्चित केली. (इंटरनेटविषयक प्रस्ताव व प्रमाणके ज्या क्रमांकित पत्रकांतून प्रसिद्ध होतात त्यांना आरएफसी म्हणतात.) ३२ बिटांच्या पत्त्याचे नेटवर्क आणि यंत्र असे दोन भाग कायम ठेवून नेटवर्कचे तीन वर्ग पाडण्यात आले. ‘ए’ वर्गातील एका नेटवर्कमध्ये १,६७,७७,२१६, ‘बी’ वर्गात ६५,५३६ आणि ‘सी’ वर्गात अवघे २५६ पत्ते मावत. ‘ए’ वर्गासाठी एकूण पत्त्यांपैकी निम्मे पत्ते राखून ठेवण्यात आले होते. या वाटणीत संस्थेला एक क्रमांक मिळे. संस्थेच्या आत किती केबली आहेत याचा विचार तिच्यात कोठेही नव्हता. पत्ता दोन पातळ्यांचा राहिला. प्रत्यक्ष रचना मात्र तीन पातळ्यांची झाली होती.

आवारातील केबली

ही विसंगती सर्वप्रथम जाणवली ती विद्यापीठांना. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, अर्थात एमआयटी, हे अनेक स्थानिक नेटवर्क एकाच आवारात जमा झालेले पहिले मोठे आयपी केंद्र होय. नेटवर्कचे वर्ग पाडण्यापूर्वीच तेथे ही स्थिती उद्भवली होती. प्रत्येक केबलीसाठी स्वतंत्र क्रमांक मागितला असता, तर त्या वेळी उपलब्ध असलेल्या क्रमांकांपैकी मोठा वाटा एकट्या एमआयटीनेच संपवला असता. म्हणून या संस्थेने १८ हा एकच क्रमांक वापरला आणि उरलेल्या २४ बिटांची अंतर्गत वाटणी आपल्या मर्जीने केली : ८ बिट सबनेटसाठी, ८ बिट राखीव व शून्य, आणि ८ बिट यंत्रासाठी. हे कोणत्याही प्रमाणकात बसणारे नव्हते. पण बाहेरच्या जगाला त्याची झळ लागत नव्हती.

स्टॅनफर्ड विद्यापीठात परिस्थिती थोडी वेगळी होती. तेथे झेरॉक्सने यंत्रांसह इथरनेट देणगी म्हणून दिले होते आणि झेरॉक्सचीच पप नावाची नियमावली प्रथम वापरात आली. पपच्या पत्त्यात नेटवर्क व यंत्र यांचे क्रमांक मुळातच छोट्या केबलींचा विचार करून आखलेले होते. विद्यापीठाच्या वैद्यकीय विद्याशाखेशी संलग्न संगणक केंद्रात काम करणारे विल्यम येगर यांनी १९८० च्या सुमारास विभागाविभागांतील केबली जोडणाऱ्या यंत्राचे सॉफ्टवेअर लिहिण्यास सुरुवात केली. ते सॉफ्टवेअर पुढे एकाहून अधिक नियमावल्यांची वाहतूक करू लागले. त्यासाठी लागणारा संगणकीय फलक अँडी बेक्टोल्शाइम यांच्या रचनेतून आलेला होता. लिओनार्ड बोसॅक आणि सँड्रा लर्नर या दाम्पत्याने १९८४ च्या अखेरीस सिस्को ही कंपनी स्थापन केली. येगर यांच्या सॉफ्टवेअरवर आधारलेल्या राउटरसाठी विद्यापीठाने १९८७ मध्ये तिला परवाना दिला. निरनिराळ्या विभागांत काम करणाऱ्या पतिपत्नींना एकमेकांस संदेश पाठवता यावेत म्हणून राउटरचा शोध लागला, ही गोड आख्यायिका अनेक ठिकाणी वाचावयास मिळते. ती सांगावयास सोपी आहे. पण तिच्यात येगर यांना जागाच उरत नाही. विद्यापीठाच्या वेतनावरील कर्मचाऱ्याने दैनंदिन अडचणीतून केलेले काम कंपनीच्या जन्मकथेत कसे विरघळून जाते, याचे हे एक बोलके उदाहरण म्हणावे लागेल.

कार्नेगी-मेलन विद्यापीठाने तिसराच मार्ग धरला होता. तेथे ‘बी’ वर्गाचे एकच नेटवर्क अनेक केबलींवर पसरलेले होते आणि कोणते यंत्र कोणत्या केबलीवर आहे, याचा पत्त्याशी काही संबंध नव्हता. केबली जोडणारे पूल यंत्रांच्या वतीने उत्तरे देत व पॅकेट पलीकडे पोचवीत.

ऑक्टोबर १९८४

स्टॅनफर्डच्या संगणकशास्त्र विभागातील जेफ्री मोगल यांनी ऑक्टोबर १९८४ मध्ये आरएफसी ९१७ प्रसिद्ध केला. या तिन्ही संस्थांची तत्कालीन पद्धत त्याच्या परिशिष्टात नोंदवलेली आहे. त्यामुळे सबनेटच्या इतिहासाचे साधन म्हणून या पत्रकाचे मोल विशेष आहे. अनेक केबली असलेल्या संस्थेपुढे तीन पर्याय असल्याचे मोगल यांनी दाखविले. पहिला, प्रत्येक केबलीस स्वतंत्र नेटवर्क क्रमांक घेणे. दुसरा, संस्थेस एकच क्रमांक ठेवून यंत्रांना केबलीचा विचार न करता पत्ते देणे. तिसरा, एकच क्रमांक ठेवून यंत्राच्या भागातील काही बिट केबलीचा क्रमांक म्हणून वापरणे.

पहिला पर्याय संस्थेच्या दृष्टीने सर्वांत सोपा होता. त्यासाठी काहीच बदलावे लागत नव्हते. परंतु त्यामुळे जगातील प्रत्येक गेटवेला (राउटरला त्या काळी हाच शब्द रूढ होता) त्या संस्थेच्या प्रत्येक केबलीची नोंद आपल्या मार्गसूचीत ठेवावी लागली असती. एका विद्यापीठाने रसायनशास्त्राच्या इमारतीत नवी केबल टाकावी आणि त्याची दखल खंडापलीकडच्या गेटवेने घ्यावी, असा हा प्रकार होता. सोय एकाची, भार सर्वांचा. मोगल यांच्या युक्तिवादाचा गाभा येथे आहे : संस्थेची अंतर्गत रचना बाहेरून दिसता कामा नये. पुण्यातील जुन्या वाड्याचा दाखला येथे चपखल बसतो. पोस्टमनला पेठ आणि वाड्याचा क्रमांक पुरतो. माडीवर कोणाचे बिऱ्हाड आणि मागच्या चौकात कोणाचे, हे वाड्यातल्यांनी पाहावयाचे.

दुसऱ्या पर्यायात बाहेरच्यांवर भार नव्हता, पण आतली व्यवस्था एका आभासावर उभी होती. इथरनेटवर एखाद्या आयपी पत्त्याचे यंत्र शोधण्यासाठी एआरपी ही पद्धत वापरतात. एमआयटीचे डेव्हिड प्लमर यांनी ती नोव्हेंबर १९८२ मध्ये आरएफसी ८२६ द्वारे मांडली होती. ‘हा पत्ता कोणाचा?’ अशी हाक सगळ्या केबलीवर दिली जाते आणि ज्याचा पत्ता असेल ते यंत्र उत्तर देते. शोधले जाणारे यंत्र दुसऱ्या केबलीवर असेल, तर मधला पूल ‘तो मीच’ असे खोटे उत्तर देऊन पॅकेट स्वीकारतो व पुढे नेतो. यंत्रातील सॉफ्टवेअरला हात न लावता काम भागते, हा या युक्तीचा मोठा गुण. जॉन पोस्टेल यांनी त्याच महिन्यात आरएफसी ९२५ द्वारे याच दिशेने विचार मांडला होता. मात्र केबलींची संख्या वाढली की हाकांचा गोंगाट वाढतो आणि बिघाड झाल्यास तो कोठे आहे, हे पत्त्यावरून उमगत नाही.

तिसरा पर्याय म्हणजेच आजचे सबनेट. त्याची कार्यपद्धती एका उदाहरणाने स्पष्ट होईल. स्टॅनफर्डकडे ३६ हा ‘ए’ वर्गाचा क्रमांक होता आणि पुढील ८ बिट सबनेटसाठी वापरले जात. समजा ३६.८.०.३८ या पत्त्याच्या यंत्रास ३६.२२.०.५ या यंत्राकडे पॅकेट पाठवावयाचे आहे. केवळ वर्ग जाणणारे यंत्र दोन्ही पत्त्यांतील पहिले ८ बिट पाहील, दोन्हीकडे ३६ आढळल्याने समोरचे यंत्र आपल्याच केबलीवर आहे असे समजेल आणि एआरपीची हाक देत बसेल. उत्तर येणार नाही, कारण ते यंत्र दुसऱ्या इमारतीत आहे. आता त्यास २५५.२५५.०.० हा मास्क दिला, तर ते दोन्ही पत्त्यांतील पहिले १६ बिट ताडून पाहते. एकीकडे ३६.८ आणि दुसरीकडे ३६.२२ आल्यामुळे वाहतूक दुसऱ्या सबनेटची आहे हे त्यास कळते व ते पॅकेट गेटवेच्या स्वाधीन करते. ३६.२२ साठी कोणत्या बाजूने जावयाचे, हे गेटवे आपल्या मार्गसूचीत पाहतो. विद्यापीठाबाहेरील गेटवेच्या सूचीत मात्र ३६ अशी एकच नोंद असते.

या व्यवस्थेत एक उणीवही आहे. संस्थेला बाहेर जाण्यासाठी दोन गेटवे असतील, तर कोणते सबनेट कोणत्या गेटवेजवळ आहे हे बाहेरच्या जगाला ठाऊक नसते. पॅकेट दूरच्या दाराने आत येऊन आवारभर फिरण्याची शक्यता राहते. माहिती लपविली की तिचा उपयोगही गमवावा लागतो. मोगल यांना याची जाणीव होती आणि तरीही त्यांनी ही किंमत स्वीकारार्ह मानली.

प्रमाणकापर्यंतचे दहा महिने

खरा अडथळा निराळाच होता. मास्कची कल्पना अमलात आणावयाची तर जोडलेल्या प्रत्येक यंत्रातील सॉफ्टवेअरमध्ये दुरुस्ती आवश्यक होती. निरनिराळ्या उत्पादकांची, निरनिराळ्या कार्यप्रणालींची ही यंत्रे. त्यांच्या दुरुस्तीची जबाबदारी घेणार कोण? जानेवारी १९८५ मध्ये एमआयटीचे डेव्हिड क्लार्क यांनी आरएफसी ९३२ मध्ये वेगळी योजना सुचविली. बहुतेक प्रसंगी यंत्रांतील सॉफ्टवेअर बदलावे लागू नये, हा तिचा हेतू होता. त्याबदली एका नेटवर्कमधील सबनेटची संख्या मर्यादित राहणार होती आणि सर्व गेटवेंत मात्र बदल करावे लागणार होते. पुढच्याच महिन्यात बर्कली येथील मायकेल कॅरल्स यांचा आरएफसी ९३६ आला. एप्रिलमध्ये या विषयावरील कार्यगटाने आरएफसी ९४० द्वारे प्रमाणकाची दिशा मांडली. अखेर ऑगस्ट १९८५ मध्ये मोगल व पोस्टेल यांच्या नावाने आरएफसी ९५० प्रसिद्ध झाला आणि मास्कवर आधारित सबनेट हीच इंटरनेटची प्रमाण पद्धत ठरली.

एआरपीच्या पद्धतीला ज्यांनी आदल्या ऑक्टोबरमध्ये आकार दिला, तेच पोस्टेल दहा महिन्यांनी मास्कच्या प्रमाणकाचे सहलेखक झाले, ही बाब लक्षणीय आहे. तात्पुरती सोय आणि दीर्घकालीन शिस्त यांत निवड करताना दुसऱ्या बाजूस कौल मिळाला, तो कोणा एका व्यक्तीच्या विजयाने नव्हे. सोयीच्या पद्धतीचा भार कोठेतरी साठत जातो, हे त्यातील बहुतेकांना प्रत्यक्ष अनुभवाने पटले असावे.

अंमलबजावणी संथ होती. ऑगस्ट १९८३ मध्ये वितरित झालेल्या ४.२ बीएसडी या बर्कलीच्या कार्यप्रणालीने आयपी असंख्य विद्यापीठांत पोचविला होता. परंतु तिला सबनेट ठाऊक नव्हते. ती सोय जून १९८६ च्या ४.३ बीएसडीत आली. मधल्या व नंतरच्याही काळात जुनी आणि नवी यंत्रे एकाच केबलीवर नांदत राहिली. अशा ठिकाणी एआरपीची जुनी युक्ती पुन्हा कामास आली : सबनेट न समजणाऱ्या यंत्रांच्या वतीने गेटवेने उत्तर द्यावयाचे. १९८७ च्या आरएफसी १०२७ मध्ये या तडजोडीची रीतसर नोंद आहे. जे तत्त्वतः नाकारले गेले, ते व्यवहारात वर्षानुवर्षे सोबत चालले.

मास्क ठरला, पण राउटरांनी एकमेकांस मार्गांची माहिती देण्याच्या पद्धती त्याच्या मागेच राहिल्या. त्या काळी सर्वाधिक प्रचलित असलेल्या आरआयपीच्या संदेशात (आरएफसी १०५८, जून १९८८) मास्कसाठी जागाच नव्हती. माहिती घेणारा राउटर आपल्याकडचाच मास्क समोरच्यालाही लागू आहे, असे गृहीत धरी. परिणामी संपूर्ण संस्थेत एकाच आकाराची सबनेट पाडावी लागत. दोन राउटरांना जोडणाऱ्या, अवघे दोन पत्ते लागणाऱ्या तारेसही २५४ पत्त्यांचे सबनेट खर्ची पडे. ओएसपीएफ या पद्धतीने (दुसरी आवृत्ती, आरएफसी १२४७, जुलै १९९१) प्रत्येक मार्गासोबत त्याचा मास्क पाठविण्याची व्यवस्था केली. तेव्हा कोठे गरजेनुसार लहानमोठी सबनेट पाडणे शक्य झाले.

वर्गांचा अस्त

१९९० नंतर दोन संकटे एकदम दिसू लागली. ‘सी’ वर्ग बहुतेक संस्थांना अपुरा पडे आणि ‘ए’ वर्ग मिळणे दुरापास्त, त्यामुळे प्रत्येक जण ‘बी’ वर्ग मागे. असे क्रमांक अवघे १६,३८४ होते. ते संपत आल्यावर संस्थांना अनेक ‘सी’ क्रमांक द्यावेत, तर मार्गसूच्या फुगत. म्हणजे १९८४ मध्ये विद्यापीठाच्या आवारापुरता टाळलेला पहिला पर्याय आता जागतिक पातळीवर मागच्या दाराने परत येत होता.

यावरचा उपाय सबनेटचीच कल्पना उलट दिशेने चालवून सापडला. सबनेटमध्ये मास्क लांबवून एका नेटवर्कचे तुकडे करतात. येथे मास्क आखूड करून शेजारशेजारचे अनेक क्रमांक एका नोंदीत बांधले गेले. सप्टेंबर १९९३ च्या आरएफसी १५१९ ने ही सीआयडीआर नावाची पद्धत प्रस्थापित केली आणि ए, बी, सी हे वर्ग निरर्थक ठरविले. राउटर आता पत्त्याचा वर्ग पाहत नाही. सूचीतील नोंदींपैकी जिचे सर्वाधिक बिट जुळतात ती निवडतो. श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखलेली आणि १९७२ मध्ये भारतात सुरू झालेली पिनकोडची पद्धत अशाच तत्त्वावर चालते : दूरच्या टपाल केंद्रास ४११ एवढे आकडे पुरतात, उरलेले तीन आकडे पुणे जिल्ह्यात पत्र पोचल्यावर वाचावयाचे. दोहोंचा परस्परांशी काही ऐतिहासिक संबंध नाही. पण टपालखात्याला हे शहाणपण वीस वर्षे आधी सुचले होते, हे नमूद करावयास हरकत नाही.

भारत आणि पत्त्यांचा वारसा

भारतात शैक्षणिक नेटवर्कची सुरुवात १९८६ मध्ये एरनेट प्रकल्पाने झाली. केंद्र शासनाचा इलेक्ट्रॉनिक्स विभाग आणि संयुक्त राष्ट्रसंघाचा विकास कार्यक्रम यांच्या पाठबळावर उभ्या राहिलेल्या या प्रकल्पात पाच आयआयटी, बंगलोरची भारतीय विज्ञान संस्था, स्वतः इलेक्ट्रॉनिक्स विभाग आणि मुंबईचे नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी सहभागी होते. विदेश संचार निगमाने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली ती १५ ऑगस्ट १९९५ रोजी. तोपर्यंत वर्गांची पद्धत कालबाह्य झाली होती. परंतु त्या पद्धतीने झालेली वाटणी मात्र कायम होती. जे आधी आले त्यांनी कोटीच्या हिशेबाने पत्ते घेतले होते. जे नंतर आले त्यांना काटकसर शिकवली गेली. फेब्रुवारी १९९६ च्या आरएफसी १९१८ ने १०, १७२.१६ आणि १९२.१६८ पासून सुरू होणारे पत्त्यांचे संच खाजगी वापरासाठी निश्चित केले. महाराष्ट्रातील असंख्य महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत यंत्रांचे पत्ते १९२.१६८ ने सुरू होतात त्याचे मूळ येथे आहे. अशा महाविद्यालयात प्रयोगशाळा, ग्रंथालय आणि कार्यालय यांची सबनेट वेगळी पाडली जातात आणि त्यांच्यातील वाहतूक एका राउटरमधून जाते. स्टॅनफर्ड आणि एमआयटी यांनी शोधलेली व्यवस्था हीच होय. फरक इतकाच की, त्या संस्थांनी ती आपल्या मालकीच्या पावणेदोन कोटींच्या आसपास असलेल्या सार्वजनिक पत्त्यांवर उभारली होती, तर येथे सारे महाविद्यालय बाहेर जाताना एकदोन पत्त्यांमागे उभे असते.

मध्यवर्ती संस्थेकडील पत्त्यांचे अखेरचे संच ३ फेब्रुवारी २०११ रोजी वाटले गेले आणि त्यानंतर सर्वांत आधी, त्याच वर्षी १५ एप्रिल रोजी, आशिया-पॅसिफिक विभागाचा साठा आपल्या अखेरच्या राखीव संचावर आला. जुन्या धारकांचे वर्तन एकसारखे नव्हते. एमआयटीने १८ या क्रमांकातील सुमारे निम्मे पत्ते २०१७ मध्ये विक्रीस काढले. स्टॅनफर्डने ३६ हा संपूर्ण क्रमांक २००० मध्येच, कोणताही मोबदला न घेता परत केला होता. दहा वर्षे तो कोणासही न देता राखून ठेवण्यात आला. ऑक्टोबर २०१० मध्ये तो आशिया-पॅसिफिक विभागाच्या नोंदणी संस्थेकडे सोपविण्यात आला. आज ३६ ने सुरू होणारे पत्ते आशियातील यंत्रांवर आहेत.